शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांवर एवढा खर्च करणे योग्य आहे का?

देवराई यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी ३१ वर्षे कोल्हापूर जिल्ह्यातील एका शाळेत भूगोल शिकवला आणि आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी मुलीकडे नैरोबीला गेलो असताना ओल पेजेता येथे जाण्याचा योग आला. माउंट केनियाच्या पायथ्याशी, जवळजवळ विषुववृत्तावरच असलेले हे सुमारे ९० हजार एकरांचे संरक्षित क्षेत्र आहे. तेथे नाजिन आणि फातू या मायलेकी राहतात. उत्तरी पांढरा गेंडा या उपप्रजातीचे साऱ्या जगात उरलेले हे दोनच जीव आहेत आणि दोन्ही माद्या आहेत.

आम्ही सकाळी लवकर पोहोचलो होतो. फातू आमच्या गाडीपासून दहा-बारा हातांवर चरत होती. गवत तुटण्याचा आवाज इतका स्पष्ट येत होता, की गोठ्यात वैरण खाणाऱ्या म्हशीची आठवण व्हावी. रुंद, सपाट ओठ जमिनीला लावून ती विळ्याने कापावे तसे गवत घेत पुढे सरकत होती. कानांच्या कडांना केसांची झालर होती आणि जेथे शिंग असायला हवे, तेथे करवतीने कापलेला बुंधा होता. शिकाऱ्यांना मोह होऊ नये म्हणून शिंग कापतात, असे सोबतच्या रक्षकाने सांगितले. परत येताना आम्ही गेंड्यांची स्मृतिस्थळे पाहिली. एका झाडाखाली दगड मांडलेले आहेत आणि त्यांवर मारल्या गेलेल्या गेंड्यांची नावे कोरली आहेत. १९ मार्च २०१८ रोजी वार्धक्याने गेलेल्या सुदानचे, म्हणजे नाजिनच्या पित्याचे, नावही तेथे आहे. त्या दगडांपुढे मला काही बोलवेना.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न मनातून जात नाही. या दोन माद्यांभोवती दिवसरात्र सशस्त्र पहारा आहे, परदेशातील शास्त्रज्ञ येऊन त्यांची बीजे, म्हणजे अंडपेशी, काढून नेतात, प्रयोगशाळेत भ्रूण तयार होतात, आणि तरीही या दोघींपैकी कोणीही स्वतः पिल्लाला जन्म देऊ शकणार नाही असे तेथेच समजले. त्याच आफ्रिकेत असे अनेक प्राणी आहेत, की जे अजून शेकड्यांनी किंवा हजारांनी शिल्लक आहेत आणि वेळीच हात दिला तर वाचतील. मग हा पैसा आणि हे कौशल्य त्यांच्याकडे वळवणे अधिक शहाणपणाचे ठरणार नाही का? मी हे कोणावर टीका म्हणून विचारत नाही. फातूला पाहून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारतानाच अपराधी वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


काळवीट यांचे उत्तर

देवराई सर, आपण विचारलेला प्रश्न संवर्धनाच्या क्षेत्रातील माणसेही एकमेकांना विचारत असतात, त्यामुळे अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मला ठाऊक आहे तेवढे क्रमाने मांडते.

या दोघी आफ्रिकेत जन्मलेल्या नाहीत. नाजिन १९८९ मध्ये आणि फातू २००० मध्ये चेक प्रजासत्ताकातील द्वूर क्रालोवे येथील प्राणिसंग्रहालयात जन्मली. तेथे प्रजनन थांबल्यामुळे, मोकळ्या गवताळ प्रदेशात आणि ओळखीच्या हवेत कदाचित पिल्ले होतील या आशेने डिसेंबर २००९ मध्ये सुदान, सुनी, नाजिन आणि फातू या चौघांना केनियात आणले गेले. पिल्ले झाली नाहीत. नाजिनचे मागचे पाय गर्भाचा भार पेलण्याइतके बळकट नाहीत आणि फातूच्या गर्भाशयात दोष आहे. म्हणून २०१९ पासून फातूची आणि सुरुवातीला नाजिनचीही बीजे भूल देऊन काढली जातात, ती तातडीने विमानाने इटलीतील क्रेमोना येथील प्रयोगशाळेत नेली जातात, मृत नरांच्या गोठवून ठेवलेल्या वीर्याने फलित केली जातात आणि तयार झालेले भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवले जातात. वय आणि प्रकृती लक्षात घेऊन २०२१ मध्ये नाजिनला या कामातून निवृत्ती देण्यात आली. हे भ्रूण दक्षिणी पांढरा गेंडा या जवळच्या उपप्रजातीच्या मादीच्या उदरात वाढवायचे, अशी योजना आहे.

ती केवळ कागदावर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ओल पेजेतामध्येच दक्षिणी गेंड्याचे भ्रूण एका दक्षिणी मादीत सोडले गेले आणि ते रुजले. दुर्दैवाने मोठ्या पावसानंतर जमिनीतील जिवाणूंचा संसर्ग होऊन ती मादी दगावली. शवविच्छेदनात ७० दिवसांचा, अवघा ६.४ सेंटिमीटर लांबीचा नर गर्भ सापडला. गेंड्याच्या बाबतीत प्रयोगशाळेतील भ्रूणापासून गर्भ राहिल्याचे जगातील ते पहिलेच उदाहरण होते आणि जानेवारी २०२४ मध्ये ते जाहीर झाले. करंगळीपेक्षा थोडा मोठा तो जीव, पण त्याने रीत चालते हे दाखवून दिले. शिवाय अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १२ उत्तरी गेंड्यांच्या पेशी गोठवून ठेवलेल्या आहेत, आणि जपानमधील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अशाच एका मृत मादीच्या त्वचेपासून मिळवलेल्या पेशींमधून बीजपेशींच्या आधीच्या अवस्थेतील पेशी तयार करून दाखवल्या. एकट्या फातूच्या बीजांवर सारा वंश उभा करण्याची वेळ कदाचित येणार नाही.

आता पैशाविषयी. या संशोधनाला मिळणाऱ्या निधीचा मोठा भाग जर्मनीच्या शिक्षण व संशोधन मंत्रालयाकडून आलेला आहे. तो विज्ञानासाठी राखलेला पैसा आहे. हा प्रकल्प उद्या बंद केला, तर ती रक्कम इथिओपियातील लांडग्याला किंवा मध्य आफ्रिकेतील हत्तीला मिळेल असे समजण्याचे कारण नाही. ती दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेकडे जाईल. पहाऱ्याचे म्हणाल, तर ओल पेजेतामध्ये दीडशेहून अधिक काळे गेंडे आहेत आणि तेथील रक्षक, श्वानपथक आणि गस्त मुख्यतः त्यांच्यासाठी लागतेच. नाजिन-फातूंना पाहायला आपल्यासारखे पाहुणे जे शुल्क भरतात, त्याचाही त्या खर्चाला हातभार लागतो.

असे असले तरी आपल्या प्रश्नाचा गाभा मला मान्य आहे, कारण उत्तरी पांढरा गेंडा बीजांच्या अभावी संपलेला नाही. १९६० च्या सुमारास दोन हजारांहून अधिक उत्तरी पांढरे गेंडे होते. पुढे काँगोमधील गरांबा राष्ट्रीय उद्यान हा त्यांचा शेवटचा आसरा ठरला. १९८४ मध्ये तेथे केवळ १५ उरले होते. चिकाटीने केलेल्या रक्षणामुळे, आणि तेही देशात युद्ध पेटलेले असताना, २००३ पर्यंत ही संख्या ३० च्या घरात गेली. त्यानंतर सुदान देशाच्या बाजूने घोड्यांवरून आलेल्या सशस्त्र टोळ्यांनी दोन वर्षांत त्यांचा जवळजवळ फडशा पाडला. २००५ मध्ये उरलेल्या चार-पाच गेंड्यांना उचलून केनियात नेण्याची योजना पूर्ण तयार होती, परंतु देशाची संपत्ती परदेशात जाते आहे अशी ओरड झाली, राजकीय विरोध उभा राहिला आणि ती बारगळली. त्या वेळी ते गेंडे हलले असते, तर आज प्रयोगशाळेची गरज भासली असती का, हा विचार माझ्या मनाला फार त्रास देतो.

याउलट दक्षिणी पांढऱ्या गेंड्याचे पाहा. १९ व्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या नाताल भागात त्यांची संख्या शंभराच्या आत आली होती. १८९५ मध्ये तेथे अभयारण्य झाले, १९६० च्या दशकात संवर्धक इयान प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल देऊन गेंडे पकडण्याचे आणि दूरवर नेऊन सोडण्याचे तंत्र बसवले, आणि आज त्या मूठभर गेंड्यांचे वंशज सोळा हजारांच्या आसपास आहेत. जून २०२३ मध्ये त्यांच्यापैकी १६ गेंडे दक्षिण आफ्रिकेतून आणून त्याच गरांबामध्ये सोडण्यात आले. जेथे उत्तरी गेंडा संपला, त्या गवतात आता पुन्हा गेंड्याचे पाऊल उमटते आहे.


नैरोबीकर यांचे उत्तर

काळवीट ताईंनी विज्ञानाची बाजू नीट मांडली आहे. मी २२ वर्षे नैरोबीत राहतो आणि कामानिमित्त केनियाच्या ग्रामीण भागात बरेच फिरणे होते, म्हणून जमिनीवरचे थोडे लिहितो.

गेंड्याला पहारेकरी मिळतो, कारण गेंड्याचे चित्र पाहून लोक पैसे देतात. गिधाडाला कोणी देत नाही. आपल्याकडे १९९० च्या दशकात गिधाडे कशी नाहीशी झाली, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्याला कारणीभूत होते आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आफ्रिकेतील गिधाडांचा मृत्यू मात्र बहुतेक ठिकाणी विषाने होतो आणि त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट गुराख्याची आहे. रात्री सिंहाने किंवा तरसाने गाय मारली, की सकाळी तो त्या उरलेल्या मांसावर कीटकनाशक टाकतो. त्याला सिंहाचा सूड घ्यायचा असतो, परंतु गिधाडे आधी उतरतात. एका मेलेल्या गाईवर शंभर-दीडशे गिधाडे जमतात, त्यामुळे एका माणसाच्या एका रात्रीच्या रागात अख्ख्या परिसरातील गिधाडे संपू शकतात. दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. हस्तिदंतासाठी हत्ती मारणाऱ्या टोळ्यांना गिधाडांची अडचण होते, कारण आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे पाहून वनरक्षकांना शिकारीची जागा कळते. म्हणून दात काढून घेतल्यावर टोळीची माणसे हत्तीच्या मृतदेहावर मुद्दाम विष घालतात. जून २०१९ मध्ये बोत्स्वानामध्ये अशा तीन हत्तींच्या मृतदेहांपाशी ५३७ गिधाडे मेलेली सापडली. गिधाडाची मादी वर्षाला फार तर एक अंडे घालते. ५३७ ही संख्या भरून यायला किती वर्षे लागतील याचा हिशेब आपणच करावा.

देवराई सर, आपण म्हणता तसा पैसा वळवायचा झाला, तर मी तो गुराख्याच्या गोठ्याकडे वळवीन. मसाई लोक काटेरी फांद्या रचून गुरांसाठी जे गोल आवार करतात, त्याला बोमा म्हणतात. सिंह बाहेरून डरकाळ्या फोडतो, घाबरलेली गुरे काटे तोडून बाहेर पळतात आणि तेथेच त्यांची शिकार होते. त्याच बोमाला साखळीच्या जाळीचे कुंपण लावले, किंवा रात्रभर लुकलुकणारे सौर दिवे लावले, की हल्ले पुष्कळ कमी होतात. सकाळी गाय जिवंत असली, की विषाची बाटली घरातच राहते.

हत्तीबाबतही एक अनुभव सांगतो. त्सावो राष्ट्रीय उद्यानाला लागून सगाला नावाचा भाग आहे. तेथील मक्याच्या शेतांना मी मधमाश्यांच्या पेट्यांचे कुंपण पाहिले. खांबांना दर दहा मीटरवर एक पेटी टांगलेली असते आणि साऱ्या पेट्या एकाच तारेने जोडलेल्या असतात. हत्तीने तारेला धक्का दिला, की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर येतात. एवढा अजस्र प्राणी, पण सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती माशी चावण्याची त्याला धास्ती असते. नुसता गुणगुणाट ऐकूनही कळप माघारी वळतो. संशोधक ल्युसी किंग यांनी या कुंपणांवर अनेक वर्षे काम केले असून, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ वर्षांच्या नोंदींनुसार पीक ऐन भरात असताना शेतांकडे येणाऱ्या हत्तींपैकी ८६ टक्क्यांपर्यंत हत्ती या कुंपणांमुळे परतले. मला जिने शेत दाखवले, त्या बाईने कुंपणाची माहिती देताना आधी मधाची बरणी पुढे केली आणि मग हत्तीचे नाव काढले. अर्थात दुष्काळ पडला, की फुले नसतात, माश्या पेट्या सोडून जातात आणि कुंपण नुसते तारेचे उरते. २०१७ च्या दुष्काळानंतर तेथे नेमके असेच घडले. तरीही शेतकऱ्यांनी पेट्या उतरवल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.


माळरान यांचे उत्तर

मी सोलापूर जिल्ह्यात पशुवैद्य आहे. देवराई सरांनी 'वेळीच हात दिला तर वाचतील' असे प्राणी म्हटले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा इथिओपियाचा लांडगा आला. आफ्रिकेतील सर्वांत दुर्मीळ मांसाहारी प्राण्यांत त्याची गणना होते. सुमारे ५०० शिल्लक आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक बाले पर्वतात राहतात.

हा लांडगा आपल्या माळावरच्या लांडग्यापेक्षा सडपातळ, तांबूस रंगाचा, लांब तोंडाचा, गळ्याशी पांढरा असतो आणि तीन हजार मीटरच्या वर, झाडे संपतात तेथून पुढच्या थंड पठारांवर राहतो. तो मेंढ्यांमागे फारसा लागत नाही. घुशीएवढा, कधी त्याहूनही मोठा, बिळात राहणारा एक उंदीर हे त्याचे मुख्य अन्न आहे. कळपाने राहतो, पहाटे एकमेकांना भेटून हद्दीची फेरी मारतो आणि मग शिकारीला मात्र प्रत्येक जण एकटा जातो. उंदराच्या बिळापाशी कान टवकारून, अंग जमिनीला चिकटवून तो कितीतरी वेळ निश्चल उभा राहतो. अलीकडे, २०२४ मध्ये, संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: हे लांडगे तेथील उंच, लाल-पिवळ्या फुलोऱ्यांतील मधुरस चाटतात, आणि एका फुलावरून दुसऱ्याकडे जाताना त्यांच्या नाकाला पराग लागलेले असतात. तेथील मेंढपाळांची मुलेही तीच फुले चाटतात. लांडगा परागवहन करत असेल ही कल्पनाच मला इतकी सुंदर वाटली, की त्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगितली.

या प्राण्याला बंदुकीची फारशी भीती नाही. त्याला भीती आहे ती कुत्र्याची. तरस आणि बिबट्यापासून मेंढ्या राखण्यासाठी मेंढपाळ पठारावर कुत्री नेतात. ती बांधलेली नसतात, त्यांना पोटभर खायला मिळत नाही, ती उकिरडे आणि मेलेली जनावरे धुंडाळत फिरतात आणि लांडग्यांच्या संपर्कात येतात. त्यांच्याकडून रेबीज लांडग्यांत शिरतो. लांडगे एकमेकांना चाटून, अंगाला अंग घासून भेटत असल्यामुळे एक लांडगा पिसाळला, की काही आठवड्यांत सारा कळप जातो. १९९१-९२, २००३, २००८ आणि २०१४ मध्ये बाले पर्वतात रेबीजच्या साथी आल्या. २००३ मध्ये वेब खोऱ्यातील सुमारे तीन-चतुर्थांश लांडगे मेले. शिवाय कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा आजारही अधूनमधून त्यांच्यात पसरतो.

उपाय आमच्या धंद्यातलाच आहे, तो म्हणजे लस. २००३ च्या साथीत लांडगे पकडून त्यांना टोचण्यात आले, तेही सगळ्यांना नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यातील कळपांना आधी लस दिली आणि साथ तेथेच अडली. मोजक्या, नेमक्या जागच्या प्राण्यांना लस दिली तरी मोठी साथ थोपवता येते, हे त्यातून सिद्ध झाले आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मात्र प्रत्येक लांडगा पकडणे कष्टाचे, शिवाय त्यालाही त्रासाचे. म्हणून बकरीच्या मांसाच्या तुकड्यात लसीची छोटी पुडी लपवून ती रानात टाकण्याची पद्धत बसवली गेली आणि २०१८ पासून ती नियमित मोहीम म्हणून सुरू झाली. रात्री घोड्यांवरून पठारावर जाऊन हे तुकडे टाकले जातात. लांडग्याने पुडी चावली, की लस त्याच्या तोंडात उतरते. जोडीला आसपासच्या गावांतील हजारो कुत्र्यांना दरवर्षी लस दिली जाते.

या शेवटच्या कामाचे मोल मला फार वाटते. कुत्र्याला लस दिली, की लांडगा वाचतो, मेंढी वाचते आणि मेंढपाळाचे पोरही वाचते. रेबीज झालेले मूल मी एकदा पाहिले आहे; त्याला पाणी दाखवल्यावर त्याच्या घशाचे काय झाले ते लिहिण्याची माझी इच्छा नाही. ज्या आईच्या घरी असे मूल गेले, तिला संवर्धन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, फक्त लस घेऊन तिच्या दारापर्यंत वर्षानुवर्षे न चुकता जावे लागते. या लांडग्यावर १९९५ पासून सलग काम चालू आहे. एखाद्या वर्षी निधी आटला आणि लसीकरण चुकले, तर साथ पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही. देवराई सर, पैसा कोठे जावा असे विचारताना तो दरवर्षी जावा, एवढे मी त्यात घालीन.


ओढ्याकाठी यांचे उत्तर

येथवरची चर्चा मनापासून आवडली. एक बाजू मात्र राहून गेली आहे असे वाटते.

पर्वतीय गोरिला हे आफ्रिकेतील यशाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस विरुंगा पर्वतरांगेत अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. आज विरुंगा आणि युगांडातील ब्विंडी मिळून हजाराहून अधिक आहेत, आणि २०१८ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आली. फाशात हात-पाय अडकलेल्या गोरिलांवर जंगलातच उपचार करणारे पशुवैद्य, रोजच्या रोज प्रत्येक कुटुंबाचा माग काढणारे वाटाडे आणि पर्यटकांकडून येणारे उत्पन्न या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. रुवांडामध्ये गोरिलांजवळ एक तास घालवण्यासाठी २०१७ पासून १,५०० डॉलर मोजावे लागतात आणि पर्यटनाच्या उत्पन्नातील १० टक्के भाग उद्यानालगतच्या गावांना दिला जातो.

माळरान यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक घटनाही येथे घडली. १९९६ मध्ये ब्विंडीतील गोरिलांच्या अंगावरचे केस झडू लागले. युगांडाच्या तरुण पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी निदान केले, की ही खरूज आहे, आणि ती गावातून आली आहे. शेतातील बुजगावण्यांना घातलेले जुने, मळके कपडे गोरिला हाताळत होते. एक पिल्लू दगावले, बाकीचे औषधाने बरे झाले. गावात साबण आणि दवाखाना नसेल तर गोरिला निरोगी राहणार नाही, हे ओळखून त्यांनी २००३ मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या आरोग्याचे काम एकत्र करणारी संस्था उभी केली.

पण याच ब्विंडीला १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या अरण्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढण्यात आले. त्यांना जमीन मिळाली नाही, भरपाई मिळाली नाही. ज्यांना प्रत्येक कंदाचे आणि मधाच्या पोळ्याचे ठिकाण ठाऊक होते, ती माणसे दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करू लागली. उत्पन्नातील वाटा गावांना मिळतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो वाटा त्या गावात ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचतो, हेही विचारायला हवे. आपल्याकडे कोयनेच्या आणि मेळघाटच्या परिसरातून उठवलेल्या गावांची माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. गोरिलांची संख्या वाढली याचा मला निर्विवाद आनंद आहे, पण त्या हजाराची किंमत कोणी दिली हे त्या आकड्याशेजारी लिहिले पाहिजे असे माझे मत आहे.


देवराई यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन माद्या आणि बाकीचे प्राणी यांना मी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घातले होते. तो पैसा मुळात एका थैलीतला नाही, हे काळवीट ताईंच्या उत्तरामुळे ध्यानात आले. ओढ्याकाठी यांनी बाट्वांविषयी लिहिलेले मी दोनदा वाचले. मुलांना गोरिलांचा नकाशा शिकवताना मी ही माणसे कधीच दाखवली नव्हती.

एक शंका राहते. फातूचा कापलेला बुंधा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शिंग कापल्याने शिकार खरोखर थांबते का? आणि त्यात गेंड्याला इजा होत नाही का?


काळवीट यांचे उत्तर

सर, गेंड्याचे शिंग हाडाचे नसते. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याचेच ते असते. मुळाशी जिवंत भाग असतो, तो सोडून वरचे कापले तर वेदना होत नाहीत. त्यासाठी गेंड्याला भूल देतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, कानांत बोळे घालतात आणि करवतीने कापून कडा घासून गुळगुळीत करतात. शिंग पुन्हा वाढते, म्हणून दीड-दोन वर्षांनी हे सारे पुन्हा करावे लागते.

उपयोग होतो का, याचे उत्तर २०२५ मध्ये बरेच स्पष्ट झाले. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते आणि २०१४ मध्ये १,२१५, यावरून संकट किती वेगाने आले हे दिसते. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील ११ अभयारण्यांच्या २०१७ ते २०२३ या काळातील नोंदी तपासल्या असता, शिंगे कापल्यावर शिकार ७८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले आणि त्यासाठी संरक्षणावरील एकूण खर्चाच्या जेमतेम १.२ टक्के रक्कम लागली. बाकीचा प्रचंड पैसा रक्षक, कॅमेरे, श्वानपथके आणि विमाने यांवर गेला होता. त्यामुळे असंख्य शिकारी पकडले गेले, परंतु त्या नोंदींत केवळ पकडण्याने शिकारीचे प्रमाण घटल्याचे ठळकपणे दिसले नाही, कारण पकडलेल्या माणसाच्या जागी त्याच्याच गावातला दुसरा गरजू तरुण उभा राहतो.

तरीही शिकार पूर्णपणे थांबत मात्र नाही. उरलेल्या बुंध्यासाठीसुद्धा गेंडे मारले गेले आहेत, आणि एका भागातील शिंगे कापली की टोळ्या शिंगे असलेल्या दुसऱ्या भागाकडे वळतात. मादी शिंगाचा वापर पिल्लाला सिंह-तरसांपासून वाचवायला करते, आणि काळ्या गेंड्यांवरील अभ्यासात शिंग कापल्यावर त्यांचा वावर पूर्वीपेक्षा कमी क्षेत्रात राहिल्याचेही दिसले आहे. म्हणून जेथे शिकारीचा धोका मोठा आहे तेथे कापावे आणि जेथे तो ओसरला आहे तेथे शिंग पुन्हा वाढू द्यावे, असे मला योग्य वाटते. फातूचे शिंग मात्र बहुधा तिच्या हयातीत पुरते वाढू दिले जाणार नाही.